रेडिओ प्रक्षेपणातील समाक्ष केबल : संरोधाची निवड
(परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
रेडिओ प्रक्षेपकापासून अँटेनापर्यंत शक्ती वाहून नेणाऱ्या समाक्ष केबलवर ५० किंवा ७५ ओम असा आकडा छापलेला असतो. हा आकडा केबलच्या दर्जाचा निदर्शक आहे, असा गैरसमज विद्यार्थ्यांत व पुष्कळदा खरेदी करणाऱ्या संस्थांतही आढळतो. प्रस्तुत लेखात या आकड्याचा भौतिक अर्थ, त्यामागील परस्परविरोधी गरजा आणि मध्यम लहर व एफ. एम. या दोन प्रकारच्या प्रक्षेपणांत त्याच्या निवडीचे वेगवेगळे निकष यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : समाक्ष केबल, संरोध, प्रक्षेपक, जुळणी, परावर्तन, सामुदायिक रेडिओ.

१. प्रस्तावना :
मराठवाड्याच्या ग्रामीण जीवनात आकाशवाणीच्या परभणी केंद्राचे स्थान सर्वपरिचित आहे. हे केंद्र श्रोत्यांना अनेक वर्षे १३०५ किलोहर्ट्झ या मध्यम लहरीवरील कंप्रतेने परिचित होते. पुढे एफ. एम. प्रक्षेपणाचा विस्तार झाला. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची वाट केंद्र शासनाने २००२ च्या अखेरीस खुली केली व २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही त्या धोरणात सामावून घेतले. त्यामुळे प्रक्षेपण तंत्र हा विषय केवळ आकाशवाणीच्या अभियंत्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. एखाद्या महाविद्यालयाने असे केंद्र उभारावयाचे ठरविल्यास भौतिकशास्त्राच्या वा इलेक्ट्रॉनिक्सच्या प्राध्यापकांनाच तांत्रिक निर्णयांत सहभागी व्हावे लागते.

अशा वेळी प्रक्षेपक कोणता घ्यावा याची चर्चा खूप होते. केबलची चर्चा मात्र खरेदीच्या यादीतील शेवटच्या ओळीपर्यंत लांबणीवर पडते. वस्तुतः सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपण शक्तीवर नियमांची मर्यादा असते. केबलमध्ये वाया गेलेले वॅट मोठा प्रक्षेपक बसवून भरून काढण्याची मोकळीक तेथे फारशी नसते. म्हणून केबलचा निर्णय हा प्रसारणाची व्याप्ती ठरविणारा निर्णय आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) लाक्षणिक संरोध या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करणे.
२) ५० व ७५ ओम हे आकडे का रूढ झाले याची मीमांसा करणे.
३) मध्यम लहर व एफ. एम. प्रक्षेपणासाठी निवडीचे निकष मांडणे.
४) महाविद्यालयीन प्रयोगशाळेत केबलची परीक्षा करण्याची पद्धत सुचविणे.

२. लाक्षणिक संरोध म्हणजे काय?
समाक्ष केबलमध्ये मध्यभागी एक वाहक तार, तिच्याभोवती विद्युत् निरोधक पदार्थ आणि त्यावर नळीसारखा बाह्य वाहक अशी रचना असते. दोन्ही वाहकांचा अक्ष एकच असल्याने तिला समाक्ष म्हणतात. अशा रचनेची कल्पना नवी नाही. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये तिचे एकस्व घेतले होते. उच्च कंप्रतेच्या दूरसंचारासाठी तिचा आधुनिक वापर अमेरिकेतील लॉइड एस्पेनशाइड व हर्मन ॲफेल यांनी १९२९ मध्ये दाखल केलेल्या एकस्वापासून सुरू झाला असे मानले जाते.

केबलच्या प्रत्येक मीटर लांबीत काही प्रवर्तकता व काही धारिता असते. विद्युत् तरंग केबलमधून पुढे सरकताना विद्युत् दाब व प्रवाह यांचे एक ठरावीक गुणोत्तर राखतो. या गुणोत्तराला लाक्षणिक संरोध म्हणतात. ते प्रतिमीटर प्रवर्तकता व प्रतिमीटर धारिता यांच्या भागाकाराच्या वर्गमुळाइतके असते. त्यात लांबीचा संबंध येत नाही. ५० ओमच्या केबलचा एक मीटरचा तुकडा घ्या किंवा शंभर मीटरचे वेटोळे घ्या, संरोध ५० ओमच राहतो. याच कारणाने तो मल्टिमीटरने मोजता येत नाही. मल्टिमीटर तारेचा रोध दाखवितो. तरंगाला जाणवणारे गुणोत्तर दाखवू शकत नाही.

भूमितीच्या भाषेत हा संरोध फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असतो. बाह्य वाहकाचा आतील व्यास आणि मध्य वाहकाचा व्यास यांचे गुणोत्तर ही पहिली गोष्ट होय, तर निरोधकाचा विद्युत् अपारक स्थिरांक ही दुसरी. व्यासांच्या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमला ६० ने गुणावे व अपारक स्थिरांकाच्या वर्गमुळाने भागावे, म्हणजे संरोध ओममध्ये मिळतो. केबल जाड आहे की बारीक, याचा या सूत्रात कोठेही उल्लेख नाही. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

३. परस्परविरोधी गरजा :
समजा, बाह्य नळीचा व्यास निश्चित आहे, आत हवा आहे आणि मध्य वाहकाची जाडी ठरवावयाची आहे. मध्य वाहक बारीक केल्यास संरोध वाढतो व तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो. परंतु बारीक तारेचा स्वतःचा रोध वाढतो. तो जाड केल्यास रोध कमी होतो. पण संरोध घटून प्रवाह वाढतो. या दोहोंच्या मध्ये शक्तिक्षय किमान होणारा एक बिंदू येतो. गणिताने व्यासांचे ते गुणोत्तर सुमारे ३.५९ व संरोध सुमारे ७७ ओम मिळतो.

दुसरी गरज निराळी आहे. मध्य वाहकाच्या पृष्ठभागावरील विद्युत् क्षेत्र फार तीव्र झाले की हवेत ठिणगी पडते. ठिणगी न पडता जास्तीत जास्त शक्ती न्यावयाची असेल, तर व्यासांचे गुणोत्तर १.६५ म्हणजे संरोध ३० ओम असावा लागतो. केवळ जास्तीत जास्त विद्युत् दाब सहन करावा एवढीच अपेक्षा असेल, तर उत्तर ६० ओम येते.

अशा प्रकारे एकाच नळीच्या बाबतीत तीन गरजा तीन वेगवेगळी उत्तरे देतात. त्यांची तुलना तक्ता क्र. १ मध्ये केली आहे. दोन्ही वाहक एकाच धातूचे आहेत व निरोधकातील क्षय नगण्य आहे असे येथे गृहीत धरले आहे.

तक्ता क्र. १ : हवेची समाक्ष नळी, बाह्य व्यास समान

| संरोध (ओम) | डेसिबलमधील क्षय, किमान क्षयाच्या तुलनेत | ठिणगी न पडता वाहता येणारी शक्ती, कमाल शक्तीच्या तुलनेत |
|---|---|---|
| ३० | सुमारे ४८ टक्के अधिक | १०० टक्के |
| ५० | सुमारे १० टक्के अधिक | सुमारे ८६ टक्के |
| ६० | सुमारे ४ टक्के अधिक | सुमारे ७४ टक्के |
| ७५ | जवळजवळ किमान | सुमारे ५६ टक्के |

या तक्त्यातून ५० ओमचे मर्म लक्षात येते. ५० ओमची नळी कोणत्याही एका कसोटीत पहिली येत नाही. मात्र क्षयात केवळ दहा टक्के तोटा सोसून ती शक्तीच्या बाबतीत कमाल क्षमतेच्या जवळ जाते. ३० व ७७ यांची भूमितीय सरासरी ४८ आणि अंकगणितीय सरासरी ५३.५ येते. या दोहोंमध्ये ५० ही सोयीची पूर्ण संख्या आहे. म्हणजेच ५० हा निसर्गाचा स्थिरांक नसून अभियंत्यांनी केलेली तडजोड आहे. जर्मनीत दीर्घकाळ ६० ओमची प्रणाली रूढ होती. तेथील उपकरणेही उत्तम चालत असत. ही बाब वरील विधानाला पुष्टी देते.

४. ‘७५ ओममध्ये क्षय कमी’ हे विधान कितपत खरे?
अनेक पाठ्यपुस्तकांत ७५ ओमची केबल कमी क्षयाची व ५० ओमची केबल अधिक शक्तीची, असे सरसकट विधान आढळते. हे विधान हवेने भरलेल्या नळीला लागू पडते. बाजारात मिळणारी केबल मात्र बहुधा पॉलिथिनने भरलेली असते.

भरीव पॉलिथिनचा अपारक स्थिरांक सुमारे २.२६ आहे. त्याचे वर्गमूळ १.५ च्या आसपास येते. किमान क्षय देणारे व्यासांचे गुणोत्तर तेच राहते. पण संरोध ७७ ऐवजी सुमारे ५१ ओम होतो. म्हणून भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये ५० ओमच किमान क्षयाच्या निकट असते. त्याच पदार्थात ७५ ओम साधण्यासाठी मध्य वाहक खूप बारीक करावा लागतो आणि क्षय सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. फेसाळ पॉलिथिनमध्ये हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असल्यामुळे किमान क्षयाचा बिंदू ६४ ओमच्या आसपास येतो. तेथे ५० व ७५ या दोन्ही केबलींचा क्षय किमान मूल्यापेक्षा अवघा दोन ते चार टक्के अधिक असतो. म्हणजे त्यांच्यात तसा फरक उरत नाही.

यावरून एक निष्कर्ष निघतो. केबलवरील ओमच्या आकड्याने क्षयात जो फरक पडतो तो काही टक्क्यांचा असतो. केबलची जाडी व निरोधक बदलल्याने पडणारा फरक मात्र कित्येक पटींचा असतो. म्हणून क्षय कमी करण्याच्या हेतूने संरोध निवडणे अयोग्य होय.

मग ७५ ओम का रूढ झाले? मोकळ्या अवकाशातील अर्धतरंग द्विध्रुव अँटेनाचा संरोध सुमारे ७३ ओम असतो. ३०० ओमच्या दुमडलेल्या द्विध्रुवाचा संरोध एक-चतुर्थांश केल्यास बरोबर ७५ ओम मिळतो. दूरचित्रवाणीच्या ग्रहण व्यवस्थेत मोठी शक्ती वाहून न्यावयाची नसते. त्यामुळे ग्रहणासाठी व केबल टी. व्ही. साठी ७५ ओम सर्वमान्य झाले. प्रक्षेपक, शक्तिमापक, छद्म भार व जोडण्या यांच्या क्षेत्रात मात्र ५० ओमचा मानदंड स्थिरावला.

५. मध्यम लहर : परभणीच्या कंप्रतेचे उदाहरण :
१३०५ किलोहर्ट्झ कंप्रतेची तरंगलांबी सुमारे २३० मीटर आहे. अशा प्रक्षेपणात उभा लोखंडी मनोराच अँटेना म्हणून काम करतो. पाव तरंगलांबीचा मनोरा सुमारे ५७ मीटर उंच होतो. मनोऱ्याच्या पायथ्याशी मिळणारा संरोध त्याची उंची, जाडी व जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचे जाळे यांवर अवलंबून असतो. तो क्वचितच ५० ओम भरतो. म्हणून पायथ्याशी असलेल्या जुळणी कक्षात प्रवर्तक कुंडले व धारित्रे वापरून मनोऱ्याचा संरोध प्रेषण वाहिनीच्या संरोधाशी जुळविला जातो.

याचा अर्थ असा की मध्यम लहरींच्या बाबतीत अँटेना वाहिनीचा संरोध ठरवीत नाही. जुळणी कक्ष कोणत्याही सोयीच्या संरोधाशी मेळ घालू शकतो. निवडीचा प्रश्न येतो तो दाब व प्रवाह यांच्यासंबंधी. उदाहरणादाखल २० किलोवॅट वाहक शक्ती घेऊ. ५० ओमच्या वाहिनीवर तिला १००० व्होल्ट दाब व २० अँपिअर प्रवाह लागतो. ७५ ओमवर हेच आकडे सुमारे १२२५ व्होल्ट व १६.३ अँपिअर होतात. २३० ओमच्या वाहिनीवर ते सुमारे २१४५ व्होल्ट व ९.३ अँपिअर होतात. संरोध वाढला की दाब वाढतो व प्रवाह घटतो.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. वरील दाब परिणामी मूल्याचे आहेत. आयाम विरूपणात पूर्ण विरूपणाच्या क्षणी तरंगाचा आयाम वाहकाच्या दुप्पट होतो. त्यामुळे ५० ओमच्या वाहिनीवरील शिखर दाब १००० ऐवजी सुमारे २८३० व्होल्टपर्यंत जातो. त्या क्षणीची शक्ती वाहक शक्तीच्या चौपट, म्हणजे ८० किलोवॅट, असते. केबलवर लिहिलेली सरासरी शक्ती पाहून निवड करणारा येथे फसतो. मध्यम लहरींसाठी शिखर शक्तीची मर्यादा पाहणे अनिवार्य आहे.

मोठ्या शक्तीच्या मध्यम लहर केंद्रांत समाक्ष केबलऐवजी खांबांवर ताणलेल्या उघड्या तारांची वाहिनीही वापरली जाते. तिच्यात मधल्या तारेभोवती भूसंपर्कित तारांचे वर्तुळ असते आणि संरोध दोनशे ओमच्याही वर असू शकतो. हवा हाच निरोधक असल्याने अंतर वाढवून अधिक दाब सहन करता येतो आणि कमी प्रवाहामुळे तांब्याची बचत होते. बंदिस्त केबलमध्ये अशी मोकळीक नसते. म्हणून तेथे ५० ओमची जाड केबल किंवा ताठ नळी हाच व्यवहार्य पर्याय ठरतो.

क्षयाचा प्रश्न या कंप्रतेला गौण आहे. वाहकातील क्षय कंप्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. १०० मेगाहर्ट्झला दर शंभर मीटरमागे १.२ डेसिबल क्षय करणारी केबल १३०५ किलोहर्ट्झला सुमारे ०.१४ डेसिबल, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास, शक्ती गमावते.

६. एफ. एम. : लहान केंद्राचे गणित :
एफ. एम. पट्ट्यात परिस्थिती पालटते. ९०.४ मेगाहर्ट्झ कंप्रतेची तरंगलांबी अवघी ३.३ मीटर आहे. ४० मीटर केबल म्हणजे बारा तरंगलांब्यांहून अधिक. येथे क्षय व जुळणी हे दोन्ही प्रश्न कळीचे बनतात.

२००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामुदायिक केंद्रासाठी परिणामी प्रारित शक्ती कमाल १०० वॅट व अँटेनाची उंची जमिनीपासून १५ ते ३० मीटर अशी मर्यादा होती. अशा केंद्रात सामान्यतः ५० वॅटचा प्रक्षेपक असतो. प्रक्षेपकाच्या खोलीपासून मनोऱ्याच्या माथ्यापर्यंत ४० मीटर केबल लागते असे मानू. केबलनुसार माथ्यावर किती शक्ती पोहोचेल ते तक्ता क्र. २ मध्ये दाखविले आहे. क्षयाची मूल्ये १०० मेगाहर्ट्झची, सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. उत्पादकागणिक त्यांत थोडा फरक पडतो. परावर्तनाचा परिणाम येथे धरलेला नाही.

तक्ता क्र. २ : ५० वॅट प्रक्षेपक, ४० मीटर केबल

| केबल | संरोध (ओम) | क्षय, दर १०० मीटर (डेसिबल) | अँटेनापाशी शक्ती (वॅट) |
|---|---|---|---|
| आरजी-५८, भरीव पॉलिथिन | ५० | १६ | ११.५ |
| आरजी-२१३, भरीव पॉलिथिन | ५० | ७ | २६ |
| आरजी-६, फेसाळ पॉलिथिन | ७५ | ६.६ | २७ |
| अर्धा इंची, नालीदार तांब्याची, फेसाळ | ५० | २.२ | ४१ |
| सात-अष्टमांश इंची, नालीदार, फेसाळ | ५० | १.२ | ४५ |

आरजी-५८ व अर्धा इंची केबल या दोहोंचा संरोध एकच आहे. पण पोहोचणाऱ्या शक्तीत साडेतीन पटींचा फरक आहे. एकेकाळी महाविद्यालयांच्या संगणक जाळ्यांत आरजी-५८ सर्रास वापरली जात असे. तिची वेटोळी अनेक प्रयोगशाळांच्या कपाटांत अद्याप सापडतात. ‘५० ओमचीच आहे’ एवढ्या आधारावर ती मनोऱ्यावर चढविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे केल्यास ५० पैकी ३८ वॅट केबल तापविण्यात खर्च होतील.

या तोट्याचा अर्थ गावांच्या भाषेत सांगता येतो. सपाट प्रदेशात लहान उंचीच्या अँटेनांमधील क्षेत्र तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे प्रसारणाचा पल्ला शक्तीच्या चतुर्थ मुळाच्या प्रमाणात बदलतो. ४१ वॅटला जो पल्ला दहा किलोमीटर असेल, तो ११.५ वॅटला सव्वासात किलोमीटरच्या आसपास राहील. क्षेत्रफळ मात्र सुमारे ५३ टक्क्यांवर येईल. मानवत, पाथरी वा सोनपेठच्या सपाट काळ्या रानात केंद्र असेल, तर ज्या गावांसाठी ते उभारले त्यांतील जवळजवळ निम्मी गावे केवळ केबलमुळे कक्षेबाहेर राहतील. जिंतूरच्या उत्तरेकडील अजिंठा रांगांच्या टेकड्यांत हे साधे सूत्र लागू पडत नाही. तेथे टेकडीचा आडोसा अधिक निर्णायक ठरतो.

७. ७५ ओमची केबल जोडल्यास काय होते?
तक्ता क्र. २ मध्ये आरजी-६ ही डिश अँटेनाची केबल आरजी-२१३ च्या बरोबरीने उतरलेली दिसते. ती स्वस्त असून कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते. मग ती का वापरू नये, हा प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर ‘संरोध वेगळा म्हणून’ एवढेच देणे पुरेसे नाही.

५० ओमच्या अँटेनाला ७५ ओमची केबल जोडल्यास अँटेनापाशी शक्तीचा ४ टक्के भाग परावर्तित होतो. केवळ तोटा म्हणून पाहिल्यास तो नगण्य आहे. खरी अडचण केबलच्या दुसऱ्या टोकाला उद्‌भवते. प्रक्षेपकाला दिसणारा संरोध केबलच्या लांबीनुसार बदलतो. लांबी केबलमधील अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत असल्यास प्रक्षेपकाला ५० ओमच दिसतात. लांबी पाव तरंगलांबीने अधिक झाल्यास मात्र ७५ चा वर्ग भागिले ५०, म्हणजे ११२.५ ओम दिसतात. अशा स्थितीत ५० ओमच्या मानाने परावर्तनाचे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. केबलमधील क्षयामुळे ते प्रत्यक्षात काहीसे सौम्य होते, परंतु नाहीसे होत नाही. ट्रान्झिस्टरवर आधारित प्रक्षेपकातील संरक्षक मंडल परावर्तन वाढताच शक्ती कमी करते किंवा प्रक्षेपण थांबविते.

लांबी नेमकी अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापण्याचा उपाय सुचविला जातो. फेसाळ केबलमध्ये तरंगाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ०.८३ पट असतो. म्हणून ९०.४ मेगाहर्ट्झला केबलमधील अर्धी तरंगलांबी सुमारे १.३८ मीटर व पाव तरंगलांबी ०.६९ मीटर होते. वेगाच्या छापील आकड्यात दोन टक्क्यांची चूक असली, तरी ४० मीटरमध्ये ०.८ मीटरचा फरक पडतो. तो पाव तरंगलांबीपेक्षा अधिक आहे. अर्थात मोजमाप न करता केलेला हा उपाय नशिबावर सोडल्यासारखा होतो.

७५ ओमच्या केबलला प्रक्षेपणात स्थानच नाही, असा याचा अर्थ नव्हे. दोन अँटेना एकावर एक बसवून त्यांना शक्ती विभागून देताना पाव तरंगलांबीचे, किंवा तिच्या विषम पटीचे, दोन तुकडे ७५ ओमच्या केबलचे घेतात. प्रत्येक तुकडा ५० ओमच्या अँटेनाचे ११२.५ ओममध्ये रूपांतर करतो. दोन्ही समांतर जोडल्यावर सुमारे ५६ ओम मिळतात व ते ५० ओमच्या मुख्य केबलशी पुरेसे जुळतात. येथे संरोधातील फरक हेच साधन बनते. दोष ७५ ओममध्ये नसून हेतूविना केलेल्या मिश्रणात आहे.

डिश केबलविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. तिचा मध्य वाहक पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा असतो. उच्च कंप्रतेचा प्रवाह वाहकाच्या पृष्ठभागालगतच वाहतो. १०० मेगाहर्ट्झला तांब्यात ही खोली सुमारे ६.६ मायक्रोमीटर असल्याने मुलामा पुरेसा ठरतो. १३०५ किलोहर्ट्झला ती सुमारे ५८ मायक्रोमीटर होते. मुलामा पातळ असल्यास प्रवाह पोलादापर्यंत उतरतो व क्षय वाढतो.

८. प्रयोगशाळेतील परीक्षा :
केबलवरील छपाई पुसट असेल किंवा विश्वासार्ह नसेल, तर संरोध तपासण्याच्या पुढील दोन पद्धती पदवी स्तरावरील प्रयोगशाळेत सहज शक्य आहेत.

पहिली पद्धत धारितेची. केबलच्या दहा मीटर तुकड्याचे दूरचे टोक मोकळे ठेवून मध्य व बाह्य वाहकांमधील धारिता एल. सी. आर. मापकाने मोजावी. भरीव पॉलिथिनच्या ५० ओम केबलसाठी ती सुमारे १००० पिकोफॅरड, म्हणजे दर मीटरला १०० पिकोफॅरड येते. तरंगाचा वेग सेकंदाला १९.८ कोटी मीटर धरून वेग व प्रतिमीटर धारिता यांच्या गुणाकाराचा व्यस्त घ्यावा. उत्तर ५०.५ ओम येते. फेसाळ आरजी-६ साठी दर मीटरला ५३ पिकोफॅरडच्या आसपास धारिता व सेकंदाला २४.९ कोटी मीटर वेग धरल्यास उत्तर ७६ ओमच्या जवळ येते.

दुसरी पद्धत स्पंदाची. वीस मीटर केबलच्या एका टोकाला आखूड स्पंद देऊन ऑसिलोस्कोपवर पाहावे. दूरचे टोक मोकळे असताना भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये परावर्तित स्पंद सुमारे २०२ नॅनोसेकंदांनी परत येतो. यावरून वेग प्रत्यक्ष मोजता येतो. त्यानंतर दूरच्या टोकाला ५१ ओमचा कार्बन रोधक जोडावा. केबल ५० ओमची असल्यास परतीचा स्पंद जवळजवळ नाहीसा होतो. ७५ ओमची असल्यास तो उलट दिशेने, लहान पण स्पष्ट दिसतो. जुळणी म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना या एका प्रयोगातून सूत्रांपेक्षा अधिक चांगले उमगते.

९. स्थानिक परिस्थितीचा विचार :
मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. उन्हात तापलेल्या काळ्या आवरणाच्या केबलचे तापमान त्याहूनही अधिक असते. केबलची शक्ती क्षमता सामान्यतः सौम्य तापमानासाठी दिलेली असते. म्हणून तिच्यात पुरेशी सूट ठेवणे इष्ट होय. मऊ झालेल्या फेसाळ निरोधकात, तीव्र वळणाच्या जागी, मध्य वाहक हळूहळू बाजूला सरकतो व तेथील संरोध बदलतो. पावसाळ्यात जोडणीतून पाणी शिरल्यास निरोधकाचा अपारक स्थिरांक वाढतो, संरोध घटतो व क्षय वाढतो. तात्पर्य, खरेदीच्या दिवशी ५० ओम असलेली केबल तशीच राहील याची हमी जलरोधक जोडण्या व पुरेशी वळणत्रिज्या यांवर अवलंबून असते. पूर्वमोसमी विजांचा विचार करता केबलचे बाह्य आवरण मनोऱ्याच्या माथ्याशी, पायथ्याशी व इमारतीत शिरण्यापूर्वी भूसंपर्कित करणे आवश्यक आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळत असल्याने भूसंपर्काचा रोध पावसाळ्यात नव्हे, तर मे महिन्यात मोजावा.

१०. निष्कर्ष :
१) लाक्षणिक संरोध हा केबलच्या दर्जाचा आकडा नसून व्यासांचे गुणोत्तर व निरोधक यांचा परिणाम आहे.
२) ५० ओम ही क्षय व शक्तिवहन यांतील तडजोड आहे. ७५ ओमचा कमी क्षयाचा लौकिक हवेच्या नळीपुरता खरा असून भरीव पॉलिथिनच्या केबलला तो लागू पडत नाही.
३) मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात जुळणी कक्षामुळे संरोधाच्या निवडीला वाव असतो. तेथे शिखर दाब व प्रवाह हे निर्णायक निकष आहेत.
४) एफ. एम. प्रक्षेपणात प्रक्षेपक, केबल, जोडण्या व अँटेना यांचा संरोध एकच ठेवावा. प्रक्षेपण उपकरणे ५० ओमची असल्याने केबलही ५० ओमची असावी. हे एकदा निश्चित झाल्यावर उपलब्ध निधी केबलची जाडी व फेसाळ निरोधक यांवर खर्च करावा.
५) सामुदायिक केंद्राच्या अंदाजपत्रकात केबलची नोंद केवळ ‘५० ओम केबल’ अशी न करता प्रकार, लांबी व १०० मेगाहर्ट्झला होणारा कमाल क्षय यांसह करावी. चाळीस मीटरला एक डेसिबलपेक्षा अधिक क्षय नसावा, अशी अट निविदेत घातल्यास आरजी-५८ व आरजी-२१३ या दोन्ही केबली आपोआप बाद होतात आणि दूरच्या गावांच्या वाट्याचे वॅट त्या गावांपर्यंत पोहोचतात.